क्विल्टसाठी वाफेची इस्त्री: निवड, वापर आणि निगा

कपड्यांना इस्त्री करणे आणि क्विल्टच्या, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीच्या, तुकड्यांना इस्त्री करणे ही दोन निराळी कामे आहेत. शर्टाची सुरकुती गेली की काम संपते. क्विल्टमध्ये मात्र इस्त्रीने माप राखायचे असते. पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेली कापडाची पट्टी) ठेवून मारलेली शिवण नीट उलगडून दाबली नाही, तर कापड शिवणीपाशी किंचित दुमडलेले राहते. अशा प्रत्येक शिवणीत एक सोळांश इंच जरी गिळला गेला, तरी नऊ चौकोनांच्या ओळीत आठ शिवणी मिळून अर्धा इंच कमी भरतो. शेजारची ओळ व्यवस्थित दाबलेली असेल, तर या दोन ओळी काही केल्या जुळत नाहीत आणि दोष शिलाई मशीनला दिला जातो.

म्हणून इस्त्री निवडताना मी सर्वांत आधी पाहते ते तिची वाफ किती जोरात येते हे नव्हे, तर ती पूर्ण बंद होते की नाही हे. ओलावा आणि उष्णता मिळाली की सुती धागा सैल पडतो आणि वाळताना ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत बसतो. जिद्दी घडी वाफेने निघते ती याच कारणामुळे. पण त्याच सैल अवस्थेत कापड ओढले गेले, तर ते ओढलेल्या आकारातच वाळते. उभ्या धाग्यावर कापलेला तुकडा हे सहन करतो. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, कापलेला तुकडा करत नाही. दोन त्रिकोण जोडून केलेल्या चौकोनाची तिरकी शिवण वाफ सोडून, इस्त्री सरकवत दाबली, तर चौकोन पतंगासारखा दोन कोपऱ्यांकडे लांबतो आणि पुन्हा पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य होते. ‘वाफ बंद’ अशी स्पष्ट खूण किंवा वेगळी कळ असलेली इस्त्रीच या कामाला घ्यावी. टाकीत पाणी असताना आणि वाफ बंद असताना तळातून एक थेंबही गळू नये.

खोक्यावरील आकड्यांपैकी वॅटच्या आकड्याबद्दल बराच गैरसमज असतो. वॅट जास्त म्हणजे इस्त्री जास्त गरम, असे नाही. तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. जास्त वॅटची इस्त्री लवकर तापते आणि वाफ सोडल्यावर गेलेली उष्णता लवकर भरून काढते. साध्या पाण्याची मिनिटाला ३० ग्रॅम वाफ सतत करत राहायला सुमारे १३०० वॅट लागतात. त्यामुळे १००० वॅटच्या इस्त्रीवर याहून मोठा आकडा छापलेला असेल, तर तो क्षणभराच्या फवाऱ्याचा आहे असे समजावे. तापमानाच्या चकतीवरील एक, दोन आणि तीन टिंबे म्हणजे साधारणपणे तळाची ११०, १५० आणि २०० अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा. सुती क्विल्टचे बहुतेक काम तीन टिंबांवर चालते.

तळ स्टेनलेस स्टीलचा असो वा सिरॅमिकचा, तो सपाट, गुळगुळीत आणि पुढे निमुळता असला की पुरे. न चिकटणारा लेप दिलेला तळ चांगलाच असतो, पण टाचणीचा एक ओरखडा त्याचा गुण घालवतो, आणि क्विल्ट करणाऱ्या घरात टाचण्या सगळीकडे असतात. वाफेची छिद्रे टोकापर्यंत असणे कपड्यांसाठी सोयीचे. आपल्याला मात्र दीड इंचाच्या तुकड्यांवर टोकानेच काम करायचे असते, म्हणून टोकाचा काही भाग बिनछिद्रांचा असलेली इस्त्री मला अधिक आवडते. हलकी इस्त्री प्रवासाला ठीक. थोडी जड असेल तर दाब ती स्वतः देते, मनगटाला द्यावा लागत नाही. मात्र दुकानात ती दहा-बारा वेळा उचलून-ठेवून पाहावी, कारण क्विल्टच्या कामात इस्त्री सरकवण्यापेक्षा उचलावीच जास्त लागते.

आपोआप बंद होण्याची सोय सुरक्षिततेची आहे, तरी खरेदीपूर्वी तिच्या वेळा वाचून घ्याव्यात. पुष्कळ इस्त्र्या आडव्या राहिल्यास ३० सेकंदांत आणि उभ्या ठेवल्यास ८ मिनिटांत बंद होतात. चार तुकडे शिवून परत येईपर्यंत इस्त्री निवलेली, हा अनुभव त्रासदायक असतो. तरीही ही सोय नसलेली इस्त्री घेण्याचा सल्ला मी देणार नाही. शिवणकामात माणसाचे भान फार लवकर हरपते. पाण्याची टाकी वेगळी असलेली मोठी यंत्रे दाबाने भरपूर वाफ देतात, पण जागा अडवतात. पडदे आणि चादरी रोजच्या असतील तरच त्यांचा विचार करावा.

आता शिवण दाबण्याची रीत. शिवलेले दोन तुकडे उलगडण्याआधी, जसे मशीनखालून आले तसेच मिटलेले, शिवणीवर इस्त्री ठेवून दोन-तीन सेकंद दाबावेत. धागा कापडात बसतो आणि शिवणीची बारीक चुण जाते. मग गडद रंगाचा तुकडा वर ठेवून तो हाताने उलटावा, आणि इस्त्रीचे टोक सुलट बाजूने शिवणीच्या खाचेत टेकवून अलगद दाबावे, उचलावे, पुढे टेकवावे. माया आपोआप गडद कापडाकडे जाते आणि फिक्या कापडातून तिची सावली दिसत नाही. वाफ द्यायचीच असेल तर या शेवटच्या टप्प्यावर, इस्त्री न हलवता, एकदाच द्यावी. त्यावर लगेच गुळगुळीत, रंग किंवा पॉलिश नसलेला लाकडी ठोकळा दाबून धरला, तर लाकूड ओलावा शोषते, उष्णता कोंडून ठेवते आणि जाड जोडसुद्धा कागदासारखा सपाट बसतो. कापड थंड होईपर्यंत उचलू नये. घाई करणाऱ्यांचे निम्मे श्रम इथेच वाया जातात.

काही ठिकाणी इस्त्री लावण्यापूर्वी थांबावे. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा उष्णतेने कापडात पक्क्या होऊ शकतात, म्हणून त्या आधी धुऊन काढाव्यात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाची रेघ इस्त्रीखाली नाहीशी होते, पण कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटू शकते. प्लास्टिकच्या डोक्याच्या टाचण्या वितळतात. काचेच्या डोक्याच्या वापराव्यात. पॉलिएस्टरची भरणी घातलेल्या क्विल्टवर गरम इस्त्री दाबली, तर आतला थर चपटा होऊन तसाच राहतो. आणि फिरत्या पात्याच्या कटरखाली घेतो त्या मॅटवर इस्त्री कधीही टेकवू नये, कारण मॅट कायमची वाकडी होते. माझी अशी एक मॅट आता फुलझाडांच्या कुंड्यांखाली आहे.

निगेचा मोठा भाग पाण्याचा आहे. जड पाण्यातील कॅल्शियमचे विरघळलेले क्षार तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन आतल्या मार्गांत साचतात. हाच तो पांढरा चुरा, जो एक दिवस काळ्या कापडावर पडतो. कोणते पाणी चालेल हे माहितीपुस्तिकेत पाहावे. काही इस्त्र्या नळाच्या पाण्यासाठीच बनवलेल्या असतात, तर पाणी फार जड असल्यास निम्मे ऊर्ध्वपातित पाणी मिसळण्याचा सल्ला अनेक उत्पादक देतात. सुगंधी पाणी, खळ किंवा कपडे मऊ करणारे द्रव टाकीत घालू नयेत. व्हिनेगर क्षार विरघळवते हे खरे, पण ते आतील रबरी भाग आणि लेपही खराब करू शकते. पुस्तिका परवानगी देत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

इस्त्री आतून आपोआप साफ होण्याची सोय तिच्यात असेल, तर ती महिन्यातून एकदा तरी वापरावी. टाकी खुणेपर्यंत भरून इस्त्री सर्वाधिक तापमानावर तापवावी, इस्त्रीवरचा दिवा विझला की प्लग काढावा, मोरीवर आडवी धरून साफसफाईची कळ दाबावी आणि हलकेच मागे-पुढे हलवावी. उकळते पाणी, वाफ आणि चुरा एकदम खाली येतो, म्हणून हात लांब ठेवावा. त्यानंतर ती पुन्हा तापवून जुन्या सुती फडक्यावर फिरवावी, म्हणजे छिद्रांत अडकलेले उरलेसुरले बाहेर पडते. चांगल्या कापडाकडे त्यानंतरच वळावे.

इस्त्री गळू लागली की बिघडली, असे लगेच समजू नये. बहुतेक वेळा तळ पुरेसा तापण्याआधी किंवा एका टिंबावर असतानाच वाफ सुरू केलेली असते, त्यामुळे पाण्याची वाफ न होता थेंब पडतात. दिवा विझेपर्यंत थांबावे.

तळावरचे तपकिरी डाग बहुधा जळलेल्या खळीचे असतात. खळ फवारल्यावर ती कापडात मुरू द्यावी आणि मगच, शक्यतो उलट बाजूने, इस्त्री करावी. डाग पडलाच, तर थंड तळावर खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप मऊ फडक्याने चोळून पुसावा, आणि छिद्रांत शिरलेला सोडा ओल्या कानकाडीने काढावा. तारेची घासणी वापरू नये. ॲप्लिकसाठी (कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार बसवून केलेल्या नक्षीसाठी) लागणारा चिकट जाळीचा थर तळाला चिकटला, तर इस्त्री गरम असतानाच जाड सुती फडक्यावर पुन्हा पुन्हा घासावी. पुढच्या वेळी तुकड्यावर बेकिंगचा न चिकटणारा कागद ठेवावा.

काम संपल्यावर गरम असतानाच प्लग काढून उरलेले पाणी ओतून टाकावे, म्हणजे आतला ओलावा शिल्लक उष्णतेने सुकतो. इस्त्री उभीच ठेवावी. वायर तळ पूर्ण निवल्यावर सैलसर गुंडाळावी. घट्ट वेढे दिले तर ती मुठीपाशीच आतून तुटते, आणि तिथले वेष्टन चिरलेले दिसले तर वायर बदलेपर्यंत इस्त्री लावू नये.