स्वयंपाकघरातली ट्यूब बदलताना जुनी पट्टीही उतरवा

चार फुटी जुनी ट्यूब ३६ किंवा ४० वॅटची असली, तरी तिच्यामागचा तांब्याचा चोक आणखी १० ते १५ वॅट खातो. म्हणजे मीटरवर भार पडतो पन्नासेक वॅटचा. त्या जागी २० वॅटची एलईडी बॅटन पुरते. दिवा रोज पाच तास लागत असेल, तर महिन्याला साडेचार युनिटांच्या आसपास बचत होते. शिवाय स्टार्टरची लुकलुक जाते आणि चोकची घूंऽऽ सुद्धा.

दुकानात दोन गोष्टी पुढ्यात येतात: जुन्या पट्टीतच (म्हणजे ट्यूब धरणाऱ्या फिटिंगमध्ये) बसणारी एलईडी ट्यूब, आणि पट्टीसकट अख्खी बॅटन. बॅटनच घ्या. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या दमट हवेने जुन्या पट्टीचे होल्डर आतून हिरवे-काळे झालेले असतात. नवी ट्यूब त्यांत घातली की ढिला संपर्क, ठिणगी आणि चार महिन्यांत मेलेला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा आतला भाग. दुसरी भानगड वायरिंगची. काही एलईडी ट्यूबना फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. एका टोकाला जोडलेल्या पट्टीत पुढे कुणी दुसऱ्या जातीची ट्यूब खोचली, तर सरळ शॉर्ट होऊ शकतो.

बॅटनच्या खोक्यावर वॅटपेक्षा ल्युमेन (उजेडाचं माप) पाहा: २० वॅटला २००० तरी हवेत. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर, ९० मिळाला तर उत्तम. तो कमी असला की लाल रंग मरतो, हुमण (माशाची आमटी) फिकं दिसतं आणि बांगड्याचे कल्ले ताजे की शिळे ते कळत नाही. उजेडाच्या रंगासाठी ४००० के (केल्विन) घ्या. ६५०० के चा निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत वाटतो, घरी डोळ्यांवर येतो. सर्जपासून (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून) संरक्षण ४ केव्ही (किलोव्होल्ट) लिहिलेलं असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा एलईडीचे ड्रायव्हर सर्रास उडवतात.

आता काम. मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. पावसाळ्यातल्या वीजखंडामुळे स्वयंपाकघरातला दिवा बहुधा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो, म्हणजे मेन पाडूनही तारेत २३० व्होल्ट असतात. टेस्टर मेन बंद करण्याआधीच चालू सॉकेटवर तपासून घ्या, आणि सगळं बंद केल्यावर दोन्ही तारांना लावा. तारांच्या रंगावर जाऊ नका. जुन्या घरांत लाल तार फेजचीच असेल याची खात्री नसते.

ट्यूब पाव वळसा फिरवून काढा, मग स्टार्टर, मग पट्टीचे स्क्रू. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर जुनी भोकं वापरू नका. चिरा सच्छिद्र आणि गिलावा भुसभुशीत, तिथे छोटी गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) फिरत राहते. ८ मिमीचं भोक, ५० मिमीची गिट्टी आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोकाचा खड्डा होतो. कौलारू घरात वाशाला सरळ लाकडाचा स्क्रू चालतो, पण वाळवीने पोखरलेला वासा आधी टोकरून पाहा.

जागाही बदला. एलईडीचा उजेड साधारण १२० अंशांत खालीच पडतो, कौलांकडे वाया जात नाही. पण जुनी पट्टी पाठीमागच्या भिंतीवर असेल, तर ओट्यावर तुमचीच सावली पडते. बॅटन ओट्याच्या कडेच्या सरळ रेषेत वर घ्या, मात्र शेगडीच्या डोक्यावर नको. वाफ आणि उष्णता ड्रायव्हरच्या कपॅसिटरला मारते.

जोड देताना तारा पिळून टेप गुंडाळू नका. दमटपणात टेप सुटते, आणि जुनी ॲल्युमिनियमची तार नव्या तांब्याशी पिळली तर जोड गंजून तापतो. पितळी पट्टीचा कनेक्टर घ्या, दोन्ही तारा वेगवेगळ्या स्क्रूखाली आवळा आणि जोड डबीत ठेवा. बॅटन धातूची असेल तर हिरवी तार अर्थला द्या. जुन्या घरात अर्थिंगच नसेल, तर प्लास्टिक बॉडीची बॅटन घ्या आणि इलेक्ट्रिशियनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला सांगा.

दिवा बंद करूनही मंद उजेड राहिला, तर स्विच न्यूट्रलवर बसवलेला असण्याची शक्यता मोठी. ती तार बदलून स्विच फेजवर आणा. स्विचमध्ये इंडिकेटर असेल तर त्यातूनही असा उजेड झिरपतो. इंडिकेटर काढला की थांबतो.

जुन्या ट्यूबेत पारा असतो, ती सुक्या कचऱ्यात फोडून टाकू नका. अख्खी कागदात गुंडाळून ई-कचऱ्यात वेगळी द्या. हातून फुटलीच, तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं सगळ्यांना बाहेर काढा. झाडू किंवा व्हॅक्यूम नको, त्याने पारा हवेत उडतो. तुकडे जाड पुठ्ठ्याने उचला, बारीक भुगा चिकटपट्टीने टिपा आणि झाकणाच्या बरणीत भरून ठेवा.