लहान मुलांना दुसऱ्यांशी आदराने वागायला कसं शिकवायचं

तीन-चार वर्षांच्या पोराला "नीट वाग" म्हटलं तर त्याला काय कळणार, नीट म्हणजे नक्की काय करायचं ते तर आपण सांगितलेलंच नसतं. म्हणून करता येईल अशी गोष्ट सांगा. दुसऱ्याचं खेळणं विचारून घ्यायचं, समोरचा नको म्हणाला की हात मागे घ्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचं. आणि एका वेळी एकच धरा, सगळं एकदम सुरू केलं की आपणच कंटाळतो.

मी सुरुवात थांबण्यापासून करायला सांगेन, कारण मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच घुसणं सगळीच मुलं करतात. मुलाला सांगायचं, काही हवं असेल तर माझ्या हातावर हात ठेव, मग मी तुझ्या हातावर माझा हात ठेवेन, म्हणजे मला कळलंय आणि माझं वाक्य संपलं की मी तुझ्याकडेच बघणार आहे. सुरुवातीला खरंच पाच-दहा सेकंदांत वळायचं हां, पंधरा मिनिटं ताटकळत ठेवलं तर तो परत ओरडायलाच लागेल आणि त्यात चूक त्याची नाही. खेळता खेळता खोटा खोटा फोन लावून याची प्रॅक्टिस करून घ्या, मुलांना मजा येते. मात्र कुणाला लागलंय किंवा शू लागलीय अशा वेळी थांबायचं नाही, लगेच बोलायचं, हेही तेव्हाच सांगून ठेवा.

आता आपल्याला न आवडणारा भाग. १९६१ साली अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, त्यात काही मुलांसमोर एक मोठं माणूस फुगवलेल्या बाहुल्याला बडवत होतं आणि वाट्टेल ते बोलत होतं, नंतर दुसऱ्या खोलीत ते माणूस नसतानाही त्यातल्या बऱ्याच मुलांनी तसंच मारलं, अगदी तेच शब्दसुद्धा वापरले. म्हणजे आपण फोन ठेवल्या ठेवल्या पलीकडच्या माणसाची नक्कल करतो, सफाईवाल्याशी तुसडेपणाने बोलतो, ते सगळं आत जातंय. आणि मुलाशी बोलतानाही प्लीज, थँक्यू आपण म्हणतो का?

सॉरी जबरदस्तीने वदवून घेण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही, मूल तोंड फिरवून पुटपुटतं आणि विषय संपतो. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं हे मुलांना साधारण चार वर्षांच्या आसपास नीट कळायला लागतं, त्यामुळे आधी "बघ, तिचा चेहरा कसा झालाय" एवढं दाखवा, मग "आता काय केलं तर तिला बरं वाटेल?" विचारा. पाडलेला ठोकळ्यांचा मनोरा परत बांधायला मदत केली तर ते सॉरीच झालं की.

चारचौघांत "तो काका असा का चालतो?" असं मोठ्याने विचारलं की आपण घाईघाईने गप्प करतो, त्याने उलट काहीतरी लाजिरवाणं आहे असं मुलाला वाटतं. साध्या आवाजात सांगून टाका, काहींना चालायला काठी लागते, आणि पुढच्या वेळी बोट न दाखवता माझ्या कानात विचार.

पाहुण्यांना पापी द्यायला भाग पाडू नका, नुसता टाटा केला तरी चालतं. स्वतःचा नकार कुणी ऐकला तरच दुसऱ्याचा ऐकायची सवय लागते ना.

उलट बोलला तर "राग आलाय ना, मग राग आलाय असं म्हण, ओरडू नकोस" असं सांगायचं आणि त्याच्याकडून तेच वाक्य परत म्हणवून घ्यायचं, बस. नुसतं गुड बॉय म्हणण्यापेक्षा "ताई बोलत होती तोवर थांबलास" असं नेमकं सांगा.

आणि भूक लागलेली, झोप आलेली असताना यातलं काहीही शिकवायला जाऊ नका, आधी पोटात काहीतरी जाऊ दे, झोप होऊ दे, मग बोला, तेही दोन वाक्यांत.