तारखेत महिना मिळवताना

३१ जानेवारी २०२३ या तारखेत एक महिना मिळवला तर काय येतं? जावा या प्रोग्रामिंग भाषेचं ‘प्लसमंथ्स’ सांगतं २८ फेब्रुवारी. जावास्क्रिप्टमध्ये ‘सेटमंथ’ने महिना पुढे सरकवला तर ३ मार्च, कारण नसलेल्या ३१ फेब्रुवारीचे जादा दिवस ते पुढच्या महिन्यात ढकलतं. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर. तेव्हा कोडला हात लावण्याआधी आपल्याला कोणतं उत्तर हवंय ते ठरवा.

पहिली पायरी एकक निवडण्याची. आठवड्यात ७ दिवस पक्के, पण महिना २८ ते ३१ दिवसांचा. पायथॉनच्या ‘टाइमडेल्टा’त (कालावधी मांडायच्या प्रकारात) म्हणूनच महिना दिलेला नाही. तिथे ३० दिवस मिळवून वेळ मारून नेऊ नका. ‘डेटयुटिल’ या पायथॉनच्या वेगळ्या लायब्ररीतलं ‘रिलेटिव्हडेल्टा’ वापरा. त्यात ‘मंथ्स’ लिहिलं तर महिने मिळवले जातात, ‘मंथ’ लिहिलं तर तारखेचा महिनाच त्या क्रमांकाचा होतो. एका अक्षराचा फरक, आणि एररही येत नाही!

मग लूप. दरमहाच्या तारखा काढताना आधीच्या उत्तरात एकेक महिना मिळवत गेलात तर ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, २८ मार्च असं होतं. महिनाअखेर एकदा निसटली की परत येत नाही. दर वेळी मूळ तारखेतच एक, दोन, तीन महिने मिळवा.

वेळही सोबत असेल तर ‘एक दिवस’ आणि ‘२४ तास’ एकच समजू नका. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला पहाटे २ वाजता उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली. आदल्या संध्याकाळच्या ६ मध्ये एक दिवस मिळवला तर ६ च वाजतात, २४ तास मिळवले तर ७. रोजच्या गजराला पहिलं हवं, मोजून २४ तास चालणाऱ्या पासला दुसरं. पायथॉन इथे हमखास फसवतो: टाइमझोन लावलेल्या वेळेत २४ तासांचा ‘टाइमडेल्टा’ मिळवला तरी ६ च दाखवतो. खरे तास हवे असतील तर आधी यूटीसीत (घड्याळं पुढेमागे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) बदला, मिळवा, मग परत स्थानिक वेळेत आणा.

उत्तर व्हेरिएबलमध्ये साठवायला विसरू नका; जावाची ‘लोकलडेट’ स्वतः बदलत नाही, नवी तारीख परत देते. जावास्क्रिप्टची ‘डेट’ मात्र जागच्या जागी बदलते, म्हणून आधी कॉपी करा.

टेस्टमध्ये २९ फेब्रुवारी २०२४ अधिक एक वर्ष हे गणित घालाच. जावा २८ फेब्रुवारी २०२५ देईल, जावास्क्रिप्टचं ‘सेटफुलइयर’ १ मार्च.