जंताच्या गोळीचा दिवस : या चुका टाळा

"घरी नेते, रात्री देते," म्हणत गोळी पदराला बांधणाऱ्या आया दर फेरीला भेटतात. मोडता घालायला जीवावर येतं, पण घालाच. घरी गेलेली गोळी फळीवरच राहते. ती अंगणवाडीत किंवा वर्गात, आपल्या डोळ्यांदेखत चावून खाल्ली गेली पाहिजे.

याहून मोठी चूक नाशिक जिल्ह्यात पेठकडच्या एका पाड्यावर माझ्याच हातून झाली. गोळीनंतर काय होऊ शकतं ते मी आधी सांगितलंच नाही, लोक घाबरतील म्हणून. एका मुलीला उलटी झाली. "पोरीला काय घातलं?" म्हणत आजी धावत आली. सावलीत निजवलं, पाणी पाजलं, थोड्या वेळाने पोर खेळायलाही लागली. पण पुढच्या फेरीला त्या आळीतलं एकही मूल आलं नाही. आता आठवडाभर आधी घरोघर सांगते: पोटात जंत जास्त असले तर मळमळ, पोटदुखी, चक्कर येते, नि बहुतेकदा आपोआप जाते, त्रास वाढला तर १०८. सोबत बचत गटातल्या दोघी असतात. त्या पाड्याच्या बोलीत सांगतात, ते पटतं.

"आमचं पोर धडधाकट आहे," हेही ऐकू येतं. पण जंत असलेलं मूल बाहेरून ठणठणीत दिसू शकतं. शौचातून अंडी मातीत जातात, हाताला-भाजीला लागून पुन्हा पोटात येतात. आकडेकृमी तर अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणून १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना एकाच दिवशी गोळी.

एक ते दोन वर्षांच्यांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, पुढे पूर्ण. लहानग्यांना दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यातून द्या. रडत्या मुलाचं नाक दाबून कधीच नाही, घशात अडकते. आजारी मुलाला मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्यांना गोळी देण्याच्या दिवशी.

आणि १० फेब्रुवारीचा गोळीचा दिवस म्हणजे ऐन द्राक्षहंगाम. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत, पोरंही तिकडेच. इथे गैरहजर, तिथल्या पटावर नाव नाही. "स्थलांतरित" लिहून रजिस्टर मिटू नका. टोळी निघतानाच मुकादमाचा नंबर घ्या, तिकडच्या आशाताईला मुलांची नावं कळवा. शाळेत नाव नसलं तरी अंगणवाडीत गोळी मिळते. बागायतदार भाऊंनो, त्या दिवशी खुडणीतून एका आईला तासभर सोडा, ती सगळ्यांची पोरं घेऊन जाईल.