टॉवर पाळी कशी लावतो: वहीत करून बघा

इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याजवळ फोनवर रेंज पूर्ण असते, पण व्हिडिओ लावला की नुसतं गोल फिरत राहतं. असं का, हे माझ्या विद्यार्थ्यांना तोंडी सांगून पटत नाही. हिशेब केला की पटतं.

फोर-जीत रेडिओ लहरींच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १०० तुकडे पडतात, प्रत्येकी १८० किलोहर्ट्झचे. ते कोणाला द्यायचे हे टॉवरचा शेड्युलर, म्हणजे पाळ्या लावणारा भाग, दर मिलिसेकंदाला नव्यानं ठरवतो. आपल्याला सिग्नल कसा मिळतोय ते फोन ० ते १५ मधल्या आकड्यानं कळवत असतो. त्यावरून आत्ता किती डेटा झेपेल ते टॉवरला कळतं.

वहीत सोपं ठेवू: दोनच फोन, दर पाळीची एक ओळ, आणि सगळा पट्टा एका वेळी एकालाच. मी राजवाड्यासमोर उघड्यावर. मला सेकंदाला ८ मेगाबिट झेपतात, आतापर्यंतची सरासरी ४. आई सराफ्यातल्या बोळात. तिला ३ झेपतात, सरासरी १. नुसता चांगला सिग्नल बघितला तर आईची पाळी कधीच येणार नाही. म्हणून झेपणाऱ्या आकड्याला सरासरीनं भागा. माझे २, आईचे ३. पाळी आईची.

आता सरासरी बदला. मुलं हमखास इथे चुकतात: ज्याला काही मिळालं नाही त्याचीही सरासरी बदलते. दोघांची जुनी सरासरी ०.९ नं गुणा आणि पाळी मिळालेल्याच्या सरासरीत मिळालेल्या डेटाचा दहावा भाग मिळवा. मी ३.६, आई १.२. भागाकार २.२२ आणि २.५; पुन्हा आई. मग ३.२४ आणि १.३८, भागाकार २.४७ आणि २.१७. आता मी.

चौथ्या ओळीसाठी सरासरी ३.७२ आणि १.२४. इथे आईला दुकानात आत पाठवा, तिला १ च झेपू दे. भागाकार २.१५ आणि ०.८१, पाळी माझी. पाचव्या ओळीत ती बाहेर आली, पुन्हा ३: माझे १.९३, तिचे २.६८. सिग्नल पडला होता तेव्हाची पाळी वाया गेली नाही आणि तिचा हक्कही बुडाला नाही. मला या नियमातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. त्याला प्रोपोर्शनल फेअर म्हणतात.

नव्या फोनची सरासरी ० धरू नका, भागाकारच होणार नाही, ०.१ धरा.

शेवटी वहीत दोनाऐवजी वीस फोन मांडा. कोणाचाच सिग्नल बदलू नका. मग आईच्या पाळ्या मोजा.