घरी इंजिन उघडताय? या चुका टाळा

१०० सीसीच्या बाइकचं एक सिलिंडरचं इंजिन घरच्या अंगणात खोलता येतं. बिघडतं ते बहुतेकदा जोडताना. पण सगळ्यात महागात पडणारी चूक पाना हातात घेण्याआधीच झालेली असते: इंजिन कशाने गेलं हे न शोधताच ते उघडलं जातं.

आधी प्लग काढा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. मग भोकातून चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली इंजिन ऑइल टाका आणि दोन-चार किक मारून कॉम्प्रेशन पुन्हा बघा. दाब वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांकडून आहे. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह तपासा, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, कदाचित ठणठणीत असेल. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर भपकन येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. असल्या किरकोळ रबरापायी सिलिंडर आतून कोरून मोठा, म्हणजे बोअर, करून घेणारेही कमी नाहीत.

मग एअर फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधल्या नळीत बोट फिरवा. नाशिकजवळ दिंडोरी-निफाडकडे बागांच्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत तिथे बारीक माती लागली, तर रिंगा कोणी खाल्ल्या ते कळलं. फाटका फिल्टर तसाच ठेवून नवा पिस्टन घातला तर तोही जाणार. गोदाकाठी पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी असेल तर किकला हातच लावू नका. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून आधी पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर तेही सगळं काढून टाका.

खोलताना छिन्नी-हातोडा बाजूला ठेवा. मॅग्नेटला, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाला, ते ओढून काढणारा पुलर लागतो, क्लचच्या खाचांच्या नटाला त्याचाच सॉकेट. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) अडली तर ठोकू नका, पिस्टन गरम पाण्याच्या फडक्याने शेकवा. ही पिन जागेवर धरणारी सर्क्लिप काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. क्लिप आत पडली तर हाफ इंजिनचं (फक्त वरच्या भागाचं) काम फुल इंजिनवर, म्हणजे क्रँककेस खोलण्यावर, जातं. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा: बाजूला थोडा हलला तर चालतो, उभा खेळ अजिबात नको. असला तर क्रँक प्रेसवाल्याकडे द्या, ते घरचं काम नाही.

सातपूर-अंबडला लेथवाल्यांची वानवा नाही, पण बरेच जण आधी बोअर करून घेतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. उलटं करा. ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या, तो सोबत द्या आणि त्यावर मोजूनच बोअर करायला सांगा. ५० मिमीच्या बोअरला पिस्टनची फट साधारण ०.०१ ते ०.०४ मिमी असते. अंदाजपंचे केलेला बोअर घट्ट झाला तर घाट चढताना पिस्टन जाम होतो, सैल झाला तर पिस्टन खडखडतो.

आता मुख्य गोष्ट. होनिंगनंतर (दगडाने बोअरमध्ये बारीक रेघा मारल्यावर) बोअर नुसता पेट्रोलने पुसू नका. दगडाची भुकटी तेलाबरोबर वाहून जात नाही, रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा घासते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रशने चांगला घासा, वाळवा, लगेच तेल लावा. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग येत असेल तोवर धूत राहा. तसंच ऑइलची जाळी आणि स्प्लेंडरसारख्या इंजिनातला क्रँकच्या टोकाचा फिरता फिल्टर उघडा. जुन्या पिस्टनचा भुगा तिथेच दडलेला असतो.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. या आकारात ०.१० ते ०.३० मिमी चालते. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर. पिस्टनवरचा ‘आय-एन’ कार्बोरेटरच्या बाजूला. सर्क्लिप नव्याच घाला, तिचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. हेड गॅस्केटला सिलिकॉन लावू नका, बाहेर दाबून आलेला थेंब ऑइलचं भोक बंद करतो. हेडचे नट तिरपे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा.

टायमिंगला मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण केसवरच्या खुणेशी आणि कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या खाचेशी जुळवा. दाता चुकला असेल तर इंजिन सुरू होत नाही किंवा कार्बोरेटरमधून फटाके फुटतात. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) इंजिन थंड असताना, व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर मोकळे असताना, मॅन्युअलच्या मापाला लावा. जास्त घट्ट टॅपेटपेक्षा किंचित वाजणारा परवडला. घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

स्टार्ट करण्याआधी प्लग काढून २०-३० किक मारा. टॅपेटची झाकणं उघडी ठेवा. रॉकर तेलाने ओले झाले नाहीत तर स्टार्टच करू नका, पंप किंवा वाट बंद आहे. सुरुवातीची दहा मिनिटं धूर आला तर घाबरू नका, जोडताना लावलेलं तेल जळतंय.

पहिले ५०० किमी एकाच वेगात किंवा पूर्ण थ्रॉटलवर चालवू नका. त्र्यंबकेश्वरला जाऊन या, पण डबल सीट कसाऱ्याचा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगगड नंतर. तासन्‌तास आयडलवरही ठेवू नका, रिंगा बसतच नाहीत. पहिलं ऑइल ३०० ते ५०० किमीला बदला. काळं तेल गटारात ओतू नका, ते नाल्यातून गोदावरीतच जातं. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.