फाउंड फुटेज भयपट करताय? या चुका टाळा

फाउंड फुटेज म्हणजे पात्रांनीच केलेलं चित्रण नंतर कोणाला तरी सापडलं, अशा थाटाचा चित्रपट. तो म्हणजे स्वस्तातला भयपट, हा समज पसरवण्यात 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चा (२००७) मोठा हात आहे. ओरेन पेलीने सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात, सुमारे १५ हजार डॉलरांत तो उरकला आणि चित्रपटाने जगभरात १९ कोटी डॉलरांच्या वर गल्ला जमवला. तेव्हापासून ज्याच्या हातात मोबाइल तो रात्री जुन्या वाड्यात. मीही गेलो होतो. पंधरा मिनिटांचा लघुपट केला, मित्रांना दाखवला, आणि ऐन भीतीच्या जागी मागून प्रश्न आला, "अरे, पण हे शूट कोण करतंय?" गोष्टीत माणसं सहा आणि सहाही जण फ्रेममध्ये! पुढची पाच मिनिटं कोणी घाबरलं नाही.

कॅमेऱ्याला मालक नाही

पटकथेला हात लावायच्या आधी गोष्टीतल्या कॅमेऱ्यांची यादी करा. कोणाचा आहे, कशासाठी आणलाय, बॅटरी किती वेळ टिकेल. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये (१९९९) दोन कॅमेरे आहेत: रंगीत हाय-८ (छोट्या टेपचा घरगुती व्हिडिओ कॅमेरा) आणि कृष्णधवल १६ मिमी फिल्मचा. तिघं तरुण माहितीपट करायला जंगलात आलेत, म्हणून ते जवळ आहेत. एकाच संवादात दोन्ही बाजूंचे शॉट हवे असतील तर दुसरा कॅमेरा गोष्टीतच कोणाच्या तरी हातात द्या. कोरियाच्या 'गोंजियाम'मध्ये (२०१८) इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणारी टोळी अंगाला कॅमेरे बांधून फिरते, त्यातले काही त्यांच्याच चेहऱ्याकडे वळवलेले. क्लोजअपची अडचण तिथेच मिटली.

जीव जायची वेळ आली, तरी कॅमेरा सुटत नाही

इथे बहुतेक जण एखाद्या पात्राच्या तोंडी "बंद कर ना तो कॅमेरा!" घालतात आणि पुढे जातात. त्याने प्रश्न सुटत नाही, प्रेक्षकाला आठवण मात्र होते. स्पेनचा 'रेक' (२००७) बघा. बार्सिलोनातल्या इमारतीत अडकलेला पाब्लो टीव्हीचा कॅमेरामन आहे, चित्रण हे त्याचं कामच. शेवटी तर कॅमेऱ्याचा दिवा जातो, मिट्ट काळोख होतो आणि नाइट व्हिजनमधून जे दिसेल तेवढंच. म्हणजे कॅमेरा खाली ठेवला की माणूस आंधळा. असं कारण शोधा. ते सापडत नसेल तर कॅमेरा खरंच खाली पडू द्या आणि पुढचा प्रसंग नुसत्या आवाजावर काढा.

कॅमेरा हलला म्हणजे खरं वाटतं

नाही वाटत, मळमळतं. 'क्लोव्हरफिल्ड'च्या (२००८) वेळी काही अमेरिकी थिएटरांनी तशा सूचनाच लावल्या होत्या. उलट पेलीच्या चित्रपटातली सगळ्यात भयाण दृश्यं तिवईवरची आहेत: बेडरूम, उघडं दार, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. चौकट हलत नाही म्हणून आपणच तिच्यात शोधत बसतो. हलवायचंच असेल तर वजन सांभाळा. तळहातावरचा मोबाइल जसा थरथरतो तसा खांद्यावरचा जड कॅमेरा थरथरत नाही. एडिटमध्ये प्लगइनने घातलेली थरथर तर लगेच ओळखू येते.

त्याचंच भावंड म्हणजे मोबाइलच्या चित्रणावर मारलेल्या व्हीएचएसच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ टेपच्या रेघा. टेप खराब झाली की रेघा येतात, डिजिटल फाइल बिघडली की चौकोन फुटतात किंवा चित्र गोठतं. भूत जुनं असलं तरी फोन नवा आहे.

आवाज फार स्वच्छ

पार्श्वसंगीत आलं की ते कोणी टाकलं हा प्रश्नही आला. स्टुडिओत केलेलं डबिंग त्याहून घातक, कारण रिकाम्या वाड्यात आवाज घुमतो आणि तुमच्या पात्राचा घुमत नाही. संवाद कळत नसेल तर एक रेकॉर्डर खिशात लपवून जागेवरच आवाज घ्या. शिवाय निघताना कोणीही न बोलता दोन मिनिटं त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा, जोडकामाला लागते.

मुलाखतीत लोक पाठ केल्यासारखं बोलतात

माहितीपटाचा आव आणणाऱ्या भयपटाचा जीव इथे जातो. संवाद लिहूच नका, प्रसंग सांगा. 'ब्लेअर विच'च्या नटांना फिल्मच्या डब्यांतून रोज वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळत, एकाची दुसऱ्याला ठाऊक नसे. ऑस्ट्रेलियाच्या 'लेक मंगो'मध्येही (२००८) घरचे लोक मेलेल्या मुलीबद्दल अडखळत, विषय सोडून बोलतात. (हा चित्रपट पाहिला नसेल तर पुढची दोन वाक्यं गाळा.) मुलीचं भूत दिसलेले फोटो तिच्या भावाने बनवलेले निघतात, आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. खरी भीती त्यानंतर सुरू होते.

खरं म्हणून खपवणं

३१ ऑक्टोबर १९९२ ला बीबीसीने 'घोस्टवॉच' हा भुताच्या घराचा कार्यक्रम दाखवला. आधीच चित्रित केलेला, पण थाट थेट प्रक्षेपणाचा आणि सूत्रसंचालक खुद्द मायकेल पार्किन्सन, ब्रिटिश टीव्हीवरचा नावाजलेला मुलाखतकार. असंख्य प्रेक्षकांनी ते खरं मानलं, तक्रारींचा पाऊस पडला, आणि बीबीसीने तो पुन्हा कधी लावला नाही. 'ब्लेअर विच'चं बर्किट्सव्हिल हे मेरीलँडमधलं खरंखुरं चिमुकलं गाव. चित्रपट आल्यावर हौशे-गवशे तिथल्या नावाच्या पाट्या चोरून नेऊ लागले. तुमची क्लिप तर व्हॉट्सॲपवर नावाशिवाय फिरणार, श्रेयनामावली आधी कापली जाणार. तेव्हा वाडा ज्यांचा आहे त्यांना आधी विचारा, गावाचं नाव स्वतः बनवा, आणि बनवल्यावर एकदा नकाशात शोधून बघा. आमचं निघालं होतं, तेही शेजारच्याच तालुक्यात.